अपाचीला डेटाबेस आणि एसएसएल जोडताना: नवख्यांसाठी

अपाची २.४ या वेब सर्व्हरवर डेटाबेसमधून लॉगिन तपासायचं असेल, तर सगळी मॉड्यूल्स (सर्व्हरला जोडायचे भाग) एकदम सुरू करू नका. आधी डेटाबेस, तो नीट चालला की एसएसएल, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली माहिती एन्क्रिप्ट करणारी सोय. तोवर साइट बाहेर उघडी ठेवू नका आणि खोट्या युजरनेच चाचणी करा. बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये (ब्राउझरने नाव-पासवर्ड विचारण्याची साधी पद्धत) पासवर्ड फक्त बेस-६४ या सहज उलटवता येणाऱ्या रूपात जातो, म्हणजे जवळपास उघडाच.

डेबियन किंवा उबुंटूवर डीबीडी (डेटाबेस जोडणारं) आणि ऑथएन-डीबीडी (त्यातून लॉगिन तपासणारं) ही मॉड्यूल्स सुरू केली तरी काम अर्धंच होतं, कारण त्या-त्या डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजमध्ये येतो. मायएसक्यूएल डेटाबेससाठी एपीआर-यूटिल या अपाचीच्या सहाय्यक लायब्ररीचं डीबीडी-मायएसक्यूएल पॅकेज टाकावं लागतं. ते नसेल तर ड्रायव्हरची फाइल लोड होत नाही असं सांगून सर्व्हर सुरूच होत नाही.

कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा युजर आणि पासवर्ड देणाऱ्या डीबीडी-पॅराम्सच्या ओळीत मायएसक्यूएलला 'पास' लिहायचं आणि पोस्टग्रेसला 'पासवर्ड'. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर स्पेस, स्वल्पविराम, अर्धविराम आणि उभी रेघ या सगळ्यांवर ओळ तोडतो. पासवर्डमध्ये यांपैकी एखादं चिन्ह आलं की तो तिथेच कापला जातो आणि लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड' दिसतं. या कामासाठी डेटाबेसमध्ये वेगळा युजर करा आणि त्याला त्या एका टेबलवर फक्त सिलेक्टचा (वाचण्याचा) अधिकार द्या. डीबीडी-पॅराम्सची ओळ वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्या फाइलची परवानगी ६४० करा (मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला फक्त वाचणं).

सगळ्यात जास्त गफलत होते ती कनेक्शनच्या आकड्यांत. डीबीडी-मॅक्स (डेटाबेसला जास्तीत जास्त किती कनेक्शन, तो आकडा) पूर्ण सर्व्हरसाठी नसतो, तो दर प्रोसेसला लागू होतो. इव्हेंट एमपीएम या अपाचीच्या विनंत्या हाताळणाऱ्या मॉड्यूलची मूळ मर्यादा ४०० वर्कर (एका वेळी हाताळायच्या विनंत्या), एका प्रोसेसमध्ये २५ थ्रेड, म्हणजे १६ प्रोसेस. डीबीडी-मॅक्स मुळात १०, म्हणून कमाल १६० कनेक्शन. मायएसक्यूएल मात्र मुळात १५१ च घेतो आणि पोस्टग्रेस १००. त्यामुळे चाचणीत सगळं सुरळीत चालतं आणि गर्दीच्या वेळी '५००' (सर्व्हरमधली चूक) येऊ लागतात. डेबियनच्या फाइलमध्ये वर्कर १५० असतात, म्हणून तिथे हिशेब ६० वर थांबतो. तुमच्या मशीनवरचे आकडे घेऊन हा गुणाकार आधीच करा, आणि त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या इतर ॲप्ससाठी जागा सोडा.

टेबलमध्ये पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेलं, उलट न फिरवता येणारं रूप) अपाचीला कळणाऱ्या रूपात हवा. अपाचीच्या एचटीपासडब्ल्यूडी कमांडने बी-क्रिप्ट प्रकारचा हॅश काढून तोच साठवा. मायएसक्यूएलच्या एमडी-५ फंक्शनचा साधा हेक्स हॅश चालत नाही. '४०१' (लॉगिन नाकारलं) आला तर युजर किंवा हॅश तपासा. '५००' आला तर कनेक्शन किंवा क्वेरी. क्वेरी कनेक्शन उघडतानाच प्रिपेअर होते, म्हणजे डेटाबेसकडे तयार करून ठेवली जाते, म्हणून टेबलचं नाव चुकलं तरी '५००'च दिसतो.

आता एसएसएल. कॉन्फिग फाइल तपासणाऱ्या कॉन्फिग-टेस्टने 'सिंटॅक्स ओके' म्हटलं तरी सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) आणि की (त्याची गुप्त किल्ली) एकमेकांची आहेत याची खात्री होत नाही. जोडी चुकली तर चालू सर्व्हर ग्रेसफुल रीस्टार्टलाही (चालू विनंत्या न तोडता पुन्हा सुरू करताना) बंद पडतो. ओपन-एसएसएलने दोन्हींतून पब्लिक की काढून आधी जुळवून पाहा. अपाची २.४.८ पासून इंटरमीडिएट सर्टिफिकेटं (आपलं सर्टिफिकेट मूळ विश्वासू सर्टिफिकेटशी जोडणारी मधली) मुख्य सर्टिफिकेटच्याच फाइलमध्ये, आपल्या सर्टिफिकेटखाली लावायची. ती राहिली तर अनेकदा ब्राउझरमध्ये साइट उघडते, पण कर्ल (कमांडने साइट उघडणारं साधन) नकार देतो; म्हणून चाचणी कर्लनेच करा. टीएलएस (एसएसएलचं नवं रूप) १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद ठेवा, २०२१ मध्ये ती अधिकृतपणे कालबाह्य ठरली.

एवढं करूनही कुलूप लागतं ते ब्राउझर ते अपाची एवढ्याच वाटेला. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर हॅश त्या वाटेने उघडे जाऊ शकतात. पोस्टग्रेसच्या पॅराम्समध्ये एसएसएल-मोड 'व्हेरिफाय-फुल' ठेवा आणि रूट सर्टिफिकेटचा पत्ता द्या. नुसत्या 'रिक्वायर'ने माहिती एन्क्रिप्ट होते, पण पलीकडचा सर्व्हर खरोखर तुमचाच आहे का, हे तपासलं जाईलच असं नाही.