मंदीत कंपनीने राजीनाम्याचा कागद पुढे केला तर काय करावे

मंदीची चाहूल लागली की काटकसरीच्या सल्ल्यांचा पाऊस पडतो. बाहेरचा चहा सोडा, तर्री-पोहे घरीच करा, रविवारचे सावजी जेवण बंद करा, असे जो तो सांगतो. या सगळ्यातून महिन्याला फार तर काही शे रुपये वाचतात, आणि त्याच महिन्यात त्याच घरातला कमावता माणूस कंपनीच्या कार्यालयात एका कागदावर सही करून लाख-सव्वा लाखावर पाणी सोडून येतो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या वेतन विभागात माझी बरीच वर्षे गेली. कामगारांचे शेवटचे हिशेब मी तिथे टेबलाच्या आतल्या बाजूने तयार केले आणि निवृत्तीनंतर तेच हिशेब बाहेरच्या बाजूने तपासून देतो. म्हणून या लेखात घरखर्चाला थोडी आणि त्या कागदाला पुष्कळ जागा दिली आहे.

ओव्हरटाइम थांबला की मंदी आली असे समजावे

कारखान्यात मंदी एका दिवसात येत नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग ठेकेदाराची माणसे कमी बोलावली जातात, त्यानंतर एक पाळी बंद होते आणि कायम कामगारांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. बुटीबोरी असो, हिंगणा असो की कळमेश्वर, क्रम सहसा हाच असतो. त्यामुळे ओव्हरटाइम थांबला त्याच महिन्यात हालचाल सुरू करावी. नोटीस लागण्याची वाट पाहू नये.

ओव्हरटाइम गेल्याने नेमके किती नुकसान होते हे अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण पगारपत्रकावरचे मूळ वेतन तेच राहते. कायद्याने ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. महिन्याला ४० तास ओव्हरटाइम करणाऱ्याला ८० तासांचे, म्हणजे १० दिवसांचे वेतन जास्त मिळत असते. २६ दिवसांच्या पगारावर ३६ दिवसांचे घर चालवण्याची सवय झालेली असते, आणि गाडीचा किंवा मोबाइलचा हप्ता बहुधा याच वरच्या १० दिवसांवर घेतलेला असतो. म्हणून मूळ वेतनात बसणारे खर्च आणि ओव्हरटाइमवर उभे असलेले खर्च अशा दोन याद्या कागदावर वेगळ्या कराव्यात. दुसऱ्या यादीतील जे थांबवता येईल ते त्याच आठवड्यात थांबवावे.

घरखर्च

याबाबत मी थोडेच सांगेन, कारण घर चालवणाऱ्या बाईला यातले माझ्यापेक्षा जास्त कळते. भाजी कॉटन मार्केटमधून किंवा बुधवार बाजारातून आणावी. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात, हे उन्हाळ्यात कूलर लावताना ध्यानात ठेवावे. रेशनकार्ड प्राधान्य गटातले असेल तर माणशी ५ किलो धान्य मिळते. ते लाजेखातर सोडू नये आणि कार्ड गोंदिया-भंडाऱ्याकडचे असले तरी नागपुरात उचलता येते.

एका गोष्टीत मात्र माझे मत ठाम आहे. मंदीत सगळा किराणा इतवारीतून ठोक भावाने आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाच-सात टक्के वाचतात हे खरे, पण इतवारीतला व्यापारी रोख मागतो. आपल्या वस्तीतला किराणा दुकानदार वहीत मांडून ठेवतो आणि त्या उधारीवर व्याज लावत नाही. पगार दोन महिने लांबला तर हीच उधारी घराला तारते. बरे दिवस असताना त्याच्याकडची खरेदी तोडली, तर वाईट दिवसांत तो वही उघडेल ही अपेक्षा ठेवू नये.

ले-ऑफ आणि कामावरून कमी करणे यांतला फरक

कामावरून कमी केले की नोकरी जाते, ले-ऑफमध्ये ती जात नाही. काम नसल्याने कंपनी काही काळ बसवून ठेवते. कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असतील आणि सलग एक वर्षाची नोकरी झाली असेल, तर त्या दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून निम्मी भरपाई देय असते. मात्र त्यासाठी नेमून दिलेल्या वेळी कारखान्यात रोज हजेरी द्यावी लागते. काम नाही म्हणून काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या तोडीला निघून गेलेल्या कामगाराची भरपाई हजेरीच्या वहीवर बोट ठेवून कापली जाते आणि त्यावर बोलायला त्याच्याकडे काही उरत नाही. जायचेच असेल तर दोन्हीकडच्या मिळकतीचा हिशेब करून जावे.

राजीनाम्याचा कागद

आता मुख्य मुद्दा. कंपनीला माणसे कमी करायची असतात, तेव्हा ती सरळ तसा आदेश क्वचितच देते. एकेकाला आत बोलावले जाते, खुर्ची दिली जाते, कधी नव्हे तो चहा मागवला जातो आणि आधीच टाइप केलेला कागद पुढे सरकवला जातो. त्यावर 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असे एक वाक्य असते. सोबत तीन गोष्टी ऐकवल्या जातात: राजीनामा दिला तर अनुभवाचे प्रमाणपत्र चांगले मिळेल, काढून टाकले असे लिहिले तर पुढे कुणी घेणार नाही, आणि 'वर्षाला १५ दिवसांप्रमाणे पैसे देतोच आहोत ना'.

या तिसऱ्या वाक्यात सगळी मेख आहे, आणि मी स्वतः हिशेब करायला लागलो तेव्हा हीच मेख उलगडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. कायद्यात वर्षाला १५ दिवसांचे वेतन देणाऱ्या दोन स्वतंत्र रकमा आहेत. एक उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. कायम कामगाराची पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ती राजीनामा दिला तरी मिळते. दुसरी कामावरून कमी केल्याची, म्हणजे कपातीची भरपाई; ती कंपनीने स्वतःहून कमी केले तरच मिळते, आणि राजीनामा दिला की तिचा हक्क संपतो. दोन्ही १५ दिवसांच्या असल्याने पहिली रक्कम दाखवून दुसरी गिळली जाते. हिशेबाच्या कागदावर 'ग्रॅच्युइटी' हा रकाना पाहून कामगाराला वाटते की सगळे मिळाले.

एक उदाहरण मांडतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आणि नोकरी ११ वर्षे ८ महिने. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने १२ वर्षे होतात. ग्रॅच्युइटीसाठी १८,००० ला २६ ने भागून १५ ने आणि मग १२ ने गुणायचे, म्हणजे सुमारे १,२४,६०० रुपये. कपातीच्या भरपाईसाठी १५ दिवस म्हणजे अर्धा महिना धरला तर ९,००० गुणिले १२, म्हणजे १,०८,००० रुपये. शिवाय एक महिन्याची नोटीस, किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, १८,००० रुपये. याचा अर्थ असा की राजीनाम्यावर सही करणारा १,२४,६०० घेऊन समाधानाने घरी जातो आणि १,२६,००० रुपये टेबलावर तसेच सोडून जातो.

ही तरतूद नवी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही सलग एक वर्षाची नोकरी, एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन कायम आहे. 'नवीन कायद्यात ते सगळे रद्द झाले' असे कुणी सांगितले, तर त्याला कलम दाखवायला सांगावे. उलट नव्या संहितेत कमी केलेल्या कामगाराच्या नावे कौशल्य निधीसाठी आणखी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने भरायची आहे. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला तर कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. इतकी कटकट टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे राजीनामा, आणि म्हणूनच तो इतक्या गोडीने मागितला जातो.

तेव्हा आत बोलावले गेले तर काय करावे? भांडू नये आणि सहीही करू नये. 'वाचून उत्तर देतो, प्रत द्या' एवढेच म्हणावे. पोच म्हणून सही मागितली तर आपल्या हाताने 'फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असे लिहून तारीख आणि वेळ घालावी आणि मगच सही करावी. कोऱ्या कागदावर, रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेल्या पावतीवर किंवा 'आता माझे कंपनीकडे काहीही येणे नाही' असे छापलेल्या कागदावर रक्कम हातात येण्यापूर्वी सही करणे म्हणजे आपल्याच हाताने प्रकरण मिटवणे होय. रक्कम खात्यात जमा झाली असेल आणि ती अपुरी वाटत असेल तर 'हक्क राखून स्वीकारले' हे शब्द लिहावेत.

घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी कंपनीच्या ई-मेलवर दोन ओळी पाठवाव्यात: आज अमुक वाजता मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले, मी राजीनामा दिलेला नाही, कंपनीला मला कमी करायचे असल्यास लेखी आदेश द्यावा. भाषा सौम्य ठेवावी. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर जावे. फाटकावर अडवले तर तिथूनच तसा संदेश पाठवावा, कारण घरी बसून राहिलेल्याला पुढे 'न सांगता गैरहजर' दाखवले जाते, आणि तो डाव राजीनाम्यापेक्षाही वाईट असतो.

दबावाखाली सही झालीच असेल तर हातपाय गाळू नयेत. राजीनामा अमलात येण्याच्या तारखेपूर्वी तो मागे घेता येतो, हे न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केले आहे. सही कशा परिस्थितीत घेतली हे लिहून राजीनामा मागे घेत असल्याचे पत्र लगेच स्पीड पोस्टाने पाठवावे आणि एक प्रत सिव्हिल लाईन्समधील अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्यावा. 'आठ दिवसांनी बघू' म्हणणाऱ्यांची प्रकरणे लंगडी पडलेली मी पाहिली आहेत.

अनुभवाच्या प्रमाणपत्राची भीती मला पटत नाही. मंदीत कमी केलेल्या कामगाराला दुसरा कारखाना नाकारतो तो काम नसल्यामुळे. कागदावर काय लिहिले आहे हे फिटर किंवा वेल्डर घेताना सहसा कुणी पाहत नाही, हात पाहतात. राजीनामा द्यावा अशी एकच परिस्थिती मी मानतो: कंपनी स्वेच्छानिवृत्तीची लेखी योजना देत असेल आणि ग्रॅच्युइटी वगळून तिची रक्कम कपातीची भरपाई व नोटीस पगार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल. 'ग्रॅच्युइटी वगळून' हे शब्द विसरू नयेत.

ही भरपाई कायद्याने कामगाराला मिळते, पण ज्याचे पद कागदोपत्री सुपरवायझरचे आहे त्याने लगेच हार मानू नये; प्रत्यक्षात तो मशीनवर काय काम करतो हे महत्त्वाचे ठरते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला मात्र मुदत संपल्यावर ही भरपाई मागता येत नाही. ठेकेदाराच्या माणसाने हजेरी कार्ड, गेट पास आणि बँकेतल्या पगाराच्या नोंदी जपून ठेवाव्यात. ठेकेदार पगार बुडवून पळाला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण आपण तिथे कामाला होतो हे आपल्यालाच दाखवावे लागते.

नोकरी गेल्यानंतर

बाकी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे. 'पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर' हे उत्तर स्वीकारू नये.

ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे कार्ड फेकू नये. एप्रिल ते सप्टेंबर या काळात कापलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो, त्यामुळे नोकरी सुटल्यावरही काही महिने सोमवारीपेठच्या रुग्णालयात उपचार घेता येतात. किमान दोन वर्षे वर्गणी भरलेल्या आणि कंपनीने कमी केलेल्या विमाधारकाला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळू शकतो. राजीनामा दिलेल्याला तो नाही, म्हणजे त्या एका सहीची किंमत वरच्या हिशेबापेक्षाही जास्त भरते.

हप्त्यांच्या बाबतीत बँकेत हप्ता चुकण्याआधी जावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागावा. २०२० साली मार्च ते ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली होती, तेव्हा अनेकांना ती माफी वाटली. व्याज त्या सहा महिन्यांतही चढतच होते. क्रेडिट कार्डाची बाकी आधी संपवावी. वसुलीवाल्यांना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्याची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही.

पीएफ शेवटी काढावा आणि गरजेपुरताच काढावा. त्यातही पेन्शनच्या भागाला हात लावताना सेवेची वर्षे मोजावीत. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे झालेला कामगार फॉर्म १०-सी भरून ती रक्कम उचलतो आणि मागची नऊ वर्षे पुसून टाकतो. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा पुढे मोजली जावी यासाठीचा दाखला मागता येतो, तो मागावा. तुकडोजी चौकातील भविष्य निधी कार्यालयात जाण्यापूर्वी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का आणि कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का, एवढे पाहून घ्यावे. हेलपाटे बहुधा या दोनच कारणांनी पडतात.