कानातली शिट्टी आणि माझं वजन
नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपमधे (जिथे मोठ्या मशीनवर पत्रा दाबून पार्ट बनवतात) बरीच वर्षं काढली त्यामुळे असेल, डाव्या कानात सतत आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सूं होतं ना तसा. दिवसा चालून जातं, रात्री फॅन बंद केला की सुरू. ईएनटीने (कान-नाक-घसा डॉक्टर) ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, ग्राफ ४००० हर्ट्झजवळ खाली गेलेला, म्हणजे तेवढ्या उंच, बारीक आवाजाला ऐकू कमी, मशीनच्या आवाजाने होतं तसा टिपिकल. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, आवाज बंद करणारी गोळी नाहीये, पण बीपी, वजन, झोप तुमच्या हातात आहे.

मग सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला लागलो, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. मिसळ सोडली नाही (नाशिकमधे राहून ते शक्य पण नाही), फक्त एक्स्ट्रा पाव आणि नंतरची जिलेबी बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत. पोट उतरलं, बीपी खाली आलं आणि बायको म्हणते घोरणं कमी झालंय, मला वाटतं खरा फरक तिथेच पडला कारण झोप नीट झाली की दुसऱ्या दिवशी शिट्टीकडे लक्षच जात नाही. पण वजन उतरवून कान बरा होतो असं कोणी म्हणलं तर मी नाही मानणार, आवाज अजून आहेच.

झोपताना मोबाईलवर पावसाचा आवाज लावतो, शिट्टीपेक्षा थोडा हळूच, एकदम शांतता नको. आणि हो, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा अचानक ऐकू कमी आलं तर वॉकबिक राहू द्या, लगेच डॉक्टर गाठा.