गोठवणाऱ्या समुद्रात एकटं पडल्यावर: बोटं चालतात तोवरची कामं

११ मार्च १९८४ च्या रात्री आइसलँडच्या दक्षिणेला, वेस्टमन बेटांजवळ एक मासेमारी बोट उलटली. जाळं तळाला अडकलं होतं. पाच जणांपैकी एकटा गुडलॉगुर फ्रिडथॉर्सन किनाऱ्याला लागला. पाणी ५ ते ६ अंश सेल्सिअस, अंतर पाच-सहा किलोमीटर, पोहण्याचा वेळ पाच-सहा तास. ‘पोहत राहिला म्हणून वाचला’ असं लोक म्हणतात, आणि तिथेच चुकतात. नंतरच्या तपासणीत त्याच्या कातडीखाली सुमारे १४ मिलिमीटर चरबी आढळली, सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट. त्याच्याबरोबर पोहायला निघालेले सोबती त्याच पाण्यात दगावले. खालच्या सूचना त्या सोबत्यांसारखी शरीरं असलेल्यांसाठी आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी.

थंडी एका फटक्यात मारत नाही. आधी श्वास हिरावते, मग हात, आणि शेवटी शरीराची ऊब. थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हे १-१०-१ अशा आकड्यांत बसवलं: श्वास आवरायला १ मिनिट, हातापायांची कामाची हालचाल १० मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण १ तास. पाणी शून्याच्या जवळ असेल तर हे आकडे लागू. त्याहून उबदार पाण्यात मुदत वाढते, क्रम मात्र तोच. तासाभराची ऊब शिल्लक असताना माणसं दहा-पंधरा मिनिटांत बुडतात ती हात निकामी झाल्यामुळे. म्हणून कामांची क्रमवारी हातांच्या घड्याळावर लावायची.

बोट पायाखाली असताना

जीवरक्षक तराफ्याची (डब्यात घडी घातलेला, संकटात फुगणारा) जोडणी बंदरातच तपासायची. पाण्याच्या दाबाने सुटणारी कळ बोट बुडताना दीड ते चार मीटर खोलीवर पट्टा कापते, तराफ्याचा डबा वर उसळतो, बुडती बोट दोर ओढते आणि त्या हिसक्याने वायूची बाटली उघडून तराफा फुगतो. मग त्या दोराचा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा तुटून तराफा मोकळा होतो. नेहमीची चूक अशी की दोर या कच्च्या दुव्याऐवजी थेट कठड्याला बांधलेला असतो. तराफा फुगतो खरा, पण बोटीबरोबर खाली जातो. एकदाच वापरायच्या कळीवर संपण्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, बहुधा बसवल्यापासून दोन वर्षांचं. आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: बोट बुडण्याऐवजी उलटी तरंगत राहिली, तर तराफा डेकखालीच अडकून बसू शकतो. तो आपोआप वर येईल या भरवशावर राहू नका.

पूर्ण अंगाचा बुडीत-सूट (पाण्यात अंग कोरडं ठेवणारा पोशाख) असेल तर तो आधी, बाकी सगळं नंतर. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तो दोन मिनिटांत, कुणाच्या मदतीशिवाय घालता आला पाहिजे; उबदार अस्तराच्या सूटमध्ये ० ते २ अंशांच्या पाण्यात सहा तासांनंतरही शरीराचं तापमान २ अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. ही कसोटी कोरड्या सूटची आहे. सूटची साखळी (झिप) गळ्यापर्यंत चढली नाही, की पाणी आत शिरतं आणि ते आकडे फोल होतात. साखळीला वर्षातून दोनदा मेण लावा. गंजलेली साखळी काळोखात सरकत नाही.

सूट नसेल तर लोकरीचे कपडे, त्यावर पाणी अडवणारं जाकीट, टोपी, हातमोजे. ‘कपडे भिजून खाली ओढतील’ ही भीती खोटी आहे. कपड्यांतल्या पाण्याला पाण्यात वजन नसतं, आणि अडकलेली हवा काही काळ तरंगवते. जड बूट फक्त पोहावंच लागलं तर काढा.

पहिलं मिनिट

उडी टाळा. शक्य असेल तर पायांकडून हळू उतरा. उडी मारावीच लागली तर एका हाताने नाक-तोंड झाका, दुसऱ्याने लाइफजॅकेट छातीशी दाबा. थंड पाणी लागताच आपोआप मोठी धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पहिला श्वास पाण्याचाच. त्यानंतर श्वास इतका जलद होतो की गुदमरल्यासारखं वाटतं. एक ते तीन मिनिटांत हे ओसरतं. तोवर पोहायचं नाही, ओरडायचं नाही. लाटेकडे पाठ, तोंड वर, आणि श्वास सोडताना ओठ आवळून सावकाश.

हातांची दहा मिनिटं

हा क्रम पाठ असावा, कारण विचार करायला डोकं थाऱ्यावर नसेल.

१. लाइफजॅकेट फुगलं नसेल तर दोरी ओढा. दोरीने नाही फुगलं तर नळीने तोंडाने फुंका. मांड्यांमधला पट्टा घट्ट करा. तो सैल असेल तर जाकीट कानांपर्यंत सरकतं आणि तुम्ही त्यातून खाली लटकता.

२. अंगावरचा उपग्रह-बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारा) सुरू करा, अँटेना सरळ वर, पाण्याबाहेर. तो लाइफजॅकेटला बांधलेलाच असावा.

३. दिवा लावा, शिट्टी तोंडाशी येईल अशी घ्या.

४. हुड, गळा, बाह्यांची तोंडं बंद करा.

५. तरंगणाऱ्या कशाला तरी स्वतःला बांधा: बोट, बोया, प्लास्टिकचे कॅन, जाळ्याचे फ्लोट. गाठ एका ओढीत सुटणारी हवी, कारण ती वस्तू बुडू शकते.

मधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर बारीक कामांची वेळ संपली. आता दात, मनगटं, कोपर. म्हणूनच चाकूला, बीकनला, इशाऱ्याच्या मशालीला बोटभर नव्हे तर मूठभर मोठा फास आधीच लावून ठेवतात.

थांबायचं की पोहायचं

बोट उलटी तरंगत असेल तर तिच्या पाठीवर चढा. अर्धं अंग बाहेर आलं तरी फायदा आहे. वाऱ्यात जास्त गार वाटतं, हे खरं. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, तेव्हा वाटण्यावर जाऊ नका. वर आडवं पडून, वाऱ्याकडे पाठ करून, दोर किंवा जाळ्याला अडकून राहा.

चढता आलं नाही तर लाइफजॅकेटच्या आधाराने गुडघे छातीशी घ्या, दंड बरगड्यांना चिकटवा, मान आत. उष्णता काखा, जांघा, मान आणि डोक्यावाटे जाते, तेच झाकायचं. व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत या स्थितीने तग धरण्याचा अंदाजे वेळ जवळपास निम्म्याने वाढला. उलट पोहल्याने शरीर सुमारे ३५ टक्के जास्त वेगाने थंड झालं. लाइफजॅकेट नसेल तर ही स्थिती जमत नाही, माणूस गटांगळ्या खातो.

पोहायचंच तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ठरवा. तासभर वाट पाहून मग निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण तोवर हातपाय उरलेले नसतात. १० ते १४ अंशांच्या पाण्यात, लाइफजॅकेटसह, साधारण पोहणारा दमण्याआधी ८०० ते १५०० मीटर जाऊ शकतो. ५ अंशांत त्याहून बराच कमी धरा. डोळे पाण्यापासून वीतभर उंच असतील तर क्षितिज दीड किलोमीटरवरच संपतं. दीपगृहाचा दिवा त्याच्या कितीतरी पलीकडून दिसतो, म्हणून ‘दिवा दिसतोय’ म्हणजे ‘जवळ आहे’ नव्हे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. पाच मिनिटांत त्या ज्या बाजूला फाकतील त्यावरून पाण्याची ओढ कळेल. ओढ समुद्राकडे असेल तर पोहणं म्हणजे ऊब जाळणं.

तराफा मिळाला तर

बरेचदा तो उलटाच फुगतो. बाटलीची बाजू वाऱ्याच्या खालच्या अंगाला येईल असा फिरवा, त्या बाजूवर चढून उभे राहा, तळावरचा पट्टा धरून मागे झुका. वारा पलीकडची कड उचलायला मदत करतो. तराफा अंगावर पडेल. उताणे होऊन पट्ट्याच्या आधाराने बाहेर या, पोटावर राहिलात तर लाइफजॅकेट तुम्हाला तळाशी चिकटवून ठेवतं.

आत शिरल्यावर: बोटीशी जोडणारा दोर कापा, समुद्री नांगर (पाण्यात ओढला जाऊन तराफ्याचं वाहणं आवरणारी कापडी पिशवी) सोडा, छत बंद करा, मग तळ फुगवा. तळ फुगवायचा राहतो आणि रात्रभर खालून थंडी खात बसावं लागतं, ही नेहमीची चूक. पाणी उपसा, स्पंजने पुसा, कपडे पिळून परत घाला, उलटी लागण्याआधी उलटीची गोळी घ्या. जखमी नसाल तर पहिले २४ तास पाणी पिऊ नका. नंतर दिवसाला अर्धा लिटर. समुद्राचं पाणी अजिबात नाही.

हातातली लाल मशाल मिनिटभर जळते, पॅराशूट रॉकेट ३०० मीटर चढून ४० सेकंद टिकतं. इंजिनाचा आवाज येईपर्यंत किंवा दिवा जवळ येईपर्यंत राखून ठेवा. मशाल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तराफ्याबाहेर धरा. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की रॉकेट उडवायचं नाही.

किनारा आणि सुटका

कडा असलेल्या किनाऱ्याला घाईने जाऊ नका. गुडलॉगुर आधी कड्याखालीच पोचला होता, आणि परत पाण्यात जाऊन दुसरी जागा शोधावी लागली. बाहेर थांबून लाटांचे दोन-तीन मोठे गट मोजा. गट संपला की पाय पुढे, गुडघे वाकवून आत या. पुढे त्याला अनवाणी लाव्हाच्या दगडांतून चालावं लागलं, आणि मेंढ्यांच्या टबातला बर्फ फोडून तो पाणी प्यायला. थंडीत लघवी वाढते, तहान खरी असते. घर किंवा रस्ता दिसत असेल तरच चाला. नाहीतर आधी वाऱ्याचा आडोसा.

बोट किंवा हेलिकॉप्टर जवळ आलं की सैल पडू नका. बरेचजण तिथेच कोसळतात. पाण्याचा पायांवरचा दाब सुटताच रक्त खाली उतरतं, म्हणून शक्य तिथे आडवंच उचलून घ्यायला सांगा. वर आल्यावर उभं राहू नका, चालू नका. हातपाय चोळू देऊ नका. ओले कपडे कापून काढायला लावा, कोरडी घोंगडी, डोकं झाकलेलं. शुद्ध पूर्ण असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय, दारू नाही. कप दुसऱ्याने धरावा. बधिर बोटांना चटका कळत नाही.