एअरब्रश थुंकतोय? खोलायच्या आधी पाणी मारून बघा

फवारा अडखळायला लागला की हात लगेच पान्याकडे जातो. तो आधी आवरा. वाटीतला रंग ओतून टाका, वाटी धुवा, स्वच्छ पाणी भरा आणि २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाला जुन्या वर्तमानपत्रावर मारा. पाणी बारीक आणि सलग उडालं तर हत्यार ठीक आहे, दोष रंगात किंवा दाबात आहे. पाणीही थुंकत असेल तरच खोलायचं. एवढ्या एका चाचणीने बऱ्याचदा खोलाखोल टळते, आणि नोझलं (रंग बाहेर येतो ती पुढची बारीक तोंडं) बहुतेक खोलाखोलीतच मोडतात.

पुढचं सगळं वर वाटी असलेल्या, दुहेरी ट्रिगरच्या (एकच ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग), ०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशबद्दल आहे. प्लॅस्टिकची मॉडेलं रंगवणारे बहुधा हाच वापरतात.

पाणी नीट उडालं तर

अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ हवा. वाटीच्या आतल्या बाजूला थेंब लावला तर तो ओघळून खाली यावा आणि मागे पातळसा थर राहावा. जाड रंग थांबून थांबून येतो. फार पातळ असला, किंवा दाब जास्त आणि अंतर कमी असलं, तर पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारख्या रेघा पळतात. १५ ते २५ पीएसआयमध्ये बहुतेक काम भागतं. हा आकडा ट्रिगर दाबून हवा चालू असताना वाचा, बंद असताना काटा वरच दिसतो. पृष्ठभाग खरखरीत येत असेल तर रंग हवेतच सुकतोय: जवळ या, दाब उतरवा.

भिंतीचा इमल्शन रंग वापरत असाल तर तो नायलॉनच्या मोज्यातून किंवा मलमलीतून गाळून घ्या आणि ०.५ मिमीचं नोझल लावा. ०.३ मधून तो चालतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. दर पाच मिनिटांनी नोझलमधली सुई पुसायची तयारी असेल तर चालतोही.

सुरुवात नीट होते आणि थोड्या वेळाने फवारा बारीक होत बंद पडतो, याचं कारण सुईच्या टोकावर सुकलेला रंग. अॅक्रिलिकला हे होणारच. क्लीनरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने टोक पुसा, रंगात रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एकदोन थेंब टाका. प्रत्येक फटकाऱ्याच्या सुरुवातीला शिंतोडा उडत असेल तर दोष बोटात आहे. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. दोन्ही एकदम सोडले तर टोकाशी थेंब राहतो आणि पुढच्या दाबाला तोच उडतो.

पाणीही थुंकत असेल तर

वाटीत बुडबुडे येतात का बघा. ट्रिगर फक्त खाली दाबा, मागे ओढू नका. सुई बंद असतानाही बुडबुडे आले तर हवा नोझलच्या बुडातून आत शिरतेय. पुढची टोपी बोटाने आवळा. थांबले नाहीत तर नोझल काढून बसायची जागा पुसा, आट्यांना मधमाश्यांच्या मेणाचा किंचित हात लावा आणि परत बसवा. तरीही येत असतील तर नोझलला चीर आहे. ट्रिगर ओढल्यावरच बुडबुडे आले तर टोकाशी किंवा टोपीत रंग तुंबलाय.

फवारा एका बाजूला जातोय? सुई काढा आणि टोक नखावरून अलगद मागे ओढा. आकडा अडकल्यासारखा लागला तर टोक वाकलंय. ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई फिरवत, टोक मागून येईल अशी ओढत सरळ करता येतं. जोर लावायचा नाही. नोझलचं तोंड मात्र भिंगाखाली बघा. फाकलं किंवा चिरलं असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीन घ्या. सुई आत ढकलताना जोर लावल्यानेच ते फाकतं.

पूर्ण सफाई

आधी पाणी, मग क्लीनर. उलटं करू नका, कारण काही अॅक्रिलिक अल्कोहोल लागताच चिकट गोळा होतात. पाणी निम्मी वाटी भरा, टोपीच्या तोंडावर टिश्यू दाबा आणि ट्रिगर हलकेच ओढा. हवा उलटी फिरून तळचा रंग वर येतो. दाब कमीच ठेवा, नाहीतर वाटीतलं तोंडावर येतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा, मग क्लीनर भांड्यात मारा. लॅकर थिनर असेल तर खिडकी उघडा आणि सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

आता मागची मूठ काढा, चकनट (सुई धरून ठेवणारा नट) सैल करा, सुई मागे ओढून बाहेर घ्या. सुईवर रंग सुकलेला असेल तर तसं ओढू नका, तो मागच्या पॅकिंगमध्ये (सुईभोवती रंग अडवणाऱ्या सीलमध्ये) जाऊन बसतो. आधी नोझल काढा आणि सुई पुढून बाहेर ढकला. नोझल एका ताटलीत उघडा, बेसिनवर कधीच नाही. ते दहा मिनिटं थिनरमध्ये बुडवा आणि थिनरने भिजवलेल्या लाकडी टूथपिकने आतून फिरवा. शिवणाची सुई घातलीत तर भोक वाढतं. बॉडीतला मार्ग दात स्वच्छ करायच्या बारीक ब्रशने घासा. आख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवू नका, रबरी ओ-रिंग फुगतात. अमोनियाच्या क्लीनरमध्ये रात्रभर ठेवलात तर मुलामाही जातो.

जोडताना आधी नोझल, मग टोपी, शेवटी सुई. आट्याचं नोझल बोटाने बसवून पान्याने किंचित आवळायचं. हे आटे इतके बारीक असतात की थोडा जास्त जोर लागला की नोझल मोडून अर्धं आतच राहतं. सुई अडली की थांबा, मग चकनट आवळा. ट्रिगर घट्ट वाटत असेल तर एअरब्रशचं लुब्रिकंट एक थेंब. सिलिकॉनचं काही नको, रंगात डोळे (माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे) पडतात.

पावसाळ्यातली अडचण

कोकण-मुंबईकडे जून ते सप्टेंबर हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दमट हवेतून भरपूर पाणी ओढतो, आणि गणपतीच्या मूर्ती रंगवण्याची घाई नेमकी याच दिवसांत असते. सावली (शेडिंग) देताना मध्येच पाण्याचा थेंब पडला तर मूर्तीवर डाग उरतो. टाकीचा खालचा कॉक रोज सोडा. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता दोनतीन मीटर नळीनंतर लावा: गरम हवा नळीत थंड होते तेव्हाच वाफेचं पाणी होतं आणि तिथेच ते पकडता येतं.

ट्रिगर सोडल्यावरही हवा फुसफुसत असेल तर खालच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग किंवा स्प्रिंग गेलीय. रंग ट्रिगरपाशी झिरपत असेल तर सुईचं पॅकिंग झिजलंय. आतला पॅकिंग स्क्रू पाव फेरा आवळून बघा. त्यानंतरही सुई सहज सरकायला हवी. ती अडकायला लागली तर पॅकिंग बदला.