पाडायला काढलेल्या चाळीत प्रदर्शन भरवताय? या चुका टाळा

चाळ किंवा वाडा रिडेव्हलपमेंटला गेला की लोक बाहेर पडतात आणि पाडकाम सुरू होईपर्यंत मध्ये थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत तिथल्याच लोकांनी कलाकारांना सोबत घेऊन खोल्याखोल्यांत प्रदर्शन भरवावं असं मला अगदी मनापासून वाटतं, म्हणूनच आधी सावध करतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकामी दिसली की घुसायचं. बिल्डिंग का पाडतायत ते आधी विचारा. मुंबईत महापालिका सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशा कॅटेगरी करते, त्यातली सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायचीच. तिथे प्रदर्शन नको म्हणजे नकोच, एका दिवसासाठी पण नको. फारच जीव अडकला असेल तर समोरच्या मोकळ्या जागेत मांडव घाला आणि आतले फोटो, दारं, वस्तू तिथे मांडा. बिल्डिंग धडधाकट आहे पण नवीन टॉवर यायचाय म्हणून पाडतायत, अशीच जागा निवडा. तिथेही स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट बघा आणि एका मजल्यावर एका वेळी किती माणसं चालतील ते इंजिनिअरकडून लेखी घ्या. जुन्या वाड्यात कडीपाटाच्या तुळया वरून छान दिसतात पण आतून वाळवीने पोकळ झालेल्या असू शकतात.

गर्दीचं पण असंच. पॅरिसमध्ये २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पाडायच्या एका नऊमजली टॉवरमध्ये शंभराच्या वर कलाकारांनी काम केलं होतं, टूर पॅरिस १३ नावाने ते गाजलं, आणि तिथे एका वेळी फक्त ४९ जणांना आत सोडायचे. बाहेर लोक तासन्‌तास रांगेत उभे असायचे तरी आकडा वाढवला नाही. आपल्याकडे ओळखीतले आले की "अरे सोड रे, आपलेच आहेत" होतं आणि सगळे त्या कॉमन गॅलरीच्या कठड्याला टेकून फोटो काढत बसतात. गॅलरीत उभं राहायला कोणालाच देऊ नका, प्रत्येक जिन्याशी मोजायला एक माणूस ठेवा.

आता जी चूक आम्ही स्वतः केली ती सांगते. भिंती घाण दिसतायत म्हणून पहिल्याच रविवारी सगळ्या खोल्या पांढऱ्या करून टाकल्या. नंतर एक काकू त्यांची जुनी खोली बघायला आल्या आणि फोन ठेवायच्या जागेशेजारची भिंत शोधायला लागल्या, तिथे त्यांच्या मिस्टरांनी पेन्सिलने नंबर लिहून ठेवले होते, दूधवाल्याचा, गावच्या शेजाऱ्यांचा, मुलीच्या हॉस्टेलचा. ते सगळं आमच्या रंगाखाली गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत पण मला ते अजून टोचतं. देवघराच्या कोनाड्यातली काजळी, कॅलेंडरमागचा फिकट चौकोन, स्टोव्हच्या वरचा काळा डाग, हेच खरं तर प्रदर्शन आहे. त्यामुळे ब्रश उचलायच्या आधी त्या त्या घरच्या माणसांना खोलीत घेऊन जा, काय ठेवायचं ते त्यांनाच दाखवू द्या, फोटो काढा, ते काय सांगतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मगच कलाकाराला चावी द्या.

रंग टिकत नाही ही तक्रार हमखास येते. भिंतीवरून हात फिरवा, पांढरी पूड लागली तर तो चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे, तो खरवडून प्राइमर मारल्याशिवाय वर काही धरत नाही. लोणा फुटलेल्या, म्हणजे ओलीने खारट पांढरा थर आलेल्या भिंतीचा नाद सोडा, तिच्यासमोर दोरी बांधून कापडावर काम टांगा. खिळे ठोकू नका, प्लास्टरचा पोपडाच हातात येतो, जुन्या खुंट्या असतात त्या वापरा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना ड्रिल तर अजिबात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

लाइट कापलेली असते. शेजारच्या बिल्डिंगमधून वायर ओढू नका, दिवसा उजेडातच ठेवा किंवा बॅटरीचे दिवे वापरा.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. ताबा बिल्डरकडे गेला असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र पुरत नाही, ताबा ज्याच्याकडे त्याचीच तारखांसकट परवानगी लागते. कलाकारांकडूनही काम पाडलं जाणार हे मान्य असल्याचं लिहून घ्या. नाहीतर नंतर वाद होऊ शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्युरल काढून टाकल्यावर ते करणारे शिल्पकार अमरनाथ सेहगल कोर्टात गेले होते आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली, म्हणजे काम विकल्यावरही कलाकाराचा त्यावर जो हक्क राहतो त्याखाली, त्यांना पाच लाखांची भरपाई दिली. न्यूयॉर्कमध्ये ५पॉइंट्झ नावाच्या ग्राफिटीने भरलेल्या इमारतीवरची चित्रं न कळवता पांढरी केली म्हणून मालकाला २०१८ मध्ये कोर्टात ६७ लाख डॉलरचा दणका बसला.

आणि पाडकामवाल्याशी आधीच बोला. सागवानी दारं, चौकटी, ग्रील सगळ्यात आधी निघतात, उद्घाटनाच्या सकाळी जाऊन बघाल तर दारंच नसतील. दारावरच्या नावाच्या पाट्या मात्र तुम्हीच शेवटच्या दिवशी काढून ज्याच्या त्याच्या नव्या पत्त्यावर पोचवा, त्यासाठी पत्ते लोक सामान हलवतायत तेव्हाच लिहून घ्या, नंतर कोण कुठे भाड्याने गेलं ते सापडत नाही.