वर्णपट निवडून घ्या: एसडीएसएसच्या डेटातले खडे कसे ओळखायचे

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाचे, म्हणजे एसडीएसएसचे, वर्णपट (तरंगलांबीनुसार पसरवलेल्या प्रकाशाचे आलेख) मी पहिल्यांदा उतरवून घेतले तेव्हा आठवड्याभरात मला चौदा दीर्घिका सापडल्या आणि चौदाही जणींची ताम्रसृती, म्हणजे रेषांचे तांबड्याकडे सरकणे, ज्यावरून अंतर कळते, निघाली ०.४९६. आकाशाच्या चार दिशांना विखुरलेल्या, एकमेकींचा सुतराम संबंध नसलेल्या दीर्घिका, आणि सगळ्या आपल्यापासून अगदी सारख्या अंतरावर! दोन दिवस मी हवेत होतो.

माझा प्रोग्राम साधा होता. वर्णपटात एखादी ठळक उत्सर्जन रेषा दिसली की ती ऑक्सिजनची ३७२८ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रेषा समजायची आणि ताम्रसृती काढायची. सर्वेक्षणाने स्वतः दिलेली ताम्रसृती मी मुद्दाम बघितली नव्हती (काय तो शहाणपणा). चौदाही ठिकाणी रेषा होती ५५७९ अँगस्ट्रॉमला. ५५७९ भागिले ३७२८.५, त्यातून १ वजा, उत्तर ०.४९६. हिशोब चोख होता, रेषाच दीर्घिकेची नव्हती. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर आपल्याच वातावरणातला ऑक्सिजन रात्रभर मंद हिरवा उजेड देत असतो, त्याची ती रेषा. वर्णपटातून आकाशाचा उजेड वजा करताना ती पुरती पुसली गेली नव्हती.

एसडीएसएसचा डेटा कोणालाही फुकट मिळतो. पन्नास लाखांहून जास्त दृश्य-प्रकाशातले वर्णपट आहेत, आणि प्रत्येक प्रकाशनाबरोबर माहीत असलेल्या दोषांची यादीही दिलेली असते. ती यादी कोणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. पुढचा क्रम मी त्या चौदा दीर्घिकांनंतर बसवला.

१. प्रकाशन कोणते ते आधी लिहून ठेवा

या सर्वेक्षणाचा डेटा टप्प्याटप्प्याने बाहेर येतो. प्रत्येक टप्पा म्हणजे एक ‘डेटा रिलीज’, डीआर. डीआर१ २००३ साली आले, डीआर१२ २०१५ साली, डीआर१७ डिसेंबर २०२१ मध्ये. नव्या प्रकाशनात जुने वर्णपटही असतात, पण ते नेहमी जसेच्या तसे नसतात. डीआर६ पासून प्रकाशाच्या तीव्रतेचे मापन वेगळ्या आधारावर बसवले गेले. त्यामुळे डीआर५ मधला आकडा आणि डीआर७ मधला आकडा शेजारी ठेवून ‘तारा उजळला’ असे म्हणाल तर फसाल. एकच प्रकाशन घ्या आणि त्यालाच धरून राहा.

त्याबरोबर ‘रन-टू-डी’ नावाचा रकानाही उतरवून घ्या. वर्णपट कोणत्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरने तयार केला ते तिथे कळते: जुन्या उपकरणाच्या वर्णपटांना २६, १०३ किंवा १०४, आणि डीआर१७ मधल्या नव्या उपकरणाच्या वर्णपटांना व्ही५_१३_२. हा रकाना महत्त्वाचा आहे, कारण दोन उपकरणे दोन स्वभावांची आहेत. प्रत्येक वस्तूचा प्रकाश भोके पाडलेल्या प्लेटमध्ये खोचलेल्या फायबरमधून, म्हणजे बारीक तंतूतून, उपकरणात जाई. जुन्याचे फायबर आकाशावर ३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) रुंद आणि एका प्लेटवर ६४०. नवे म्हणजे बॉस: फायबर २ विकलांचे, प्लेटवर १०००, आणि तरंगलांबीचा पट्टा जास्त रुंद, साधारण ३६०० ते १०४०० अँगस्ट्रॉम.

२. झेडवॉर्निंगचा आकडा फोडायला शिका

प्रत्येक वर्णपटाबरोबर झेडवॉर्निंग नावाचा एक आकडा येतो. तो शून्य असेल तर सॉफ्टवेअरची ताम्रसृतीबद्दल तक्रार नाही. शून्य नसेल तर त्या एका आकड्यात अनेक तक्रारी एकत्र बांधलेल्या असतात.

त्या सोडवण्याची रीत आजीला विचारली असती तरी तिने सांगितली असती. वाण्याकडची जुनी मापे आठवा: छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. छटाक १ धरली तर अदपाव २, पावशेर ४, अच्छेर ८, शेर १६. ताजव्यात एकूण २० भरले तर कोणती मापे टाकली होती? शेर आणि पावशेर, दुसरा पर्यायच नाही. झेडवॉर्निंग असाच वाचायचा, फक्त मापे ५१२ पर्यंत जातात.

आता मापांचे अर्थ. १ म्हणजे हा फायबर कोणत्याही ताऱ्यावर वा दीर्घिकेवर नव्हता, मोकळ्या आकाशावर होता. बॉसच्या प्रत्येक प्लेटवर असे किमान ८० फायबर असत, वजा करायचा आकाशाचा उजेड मोजण्यासाठी. यादीत त्यांच्याही ओळी असतात, आणि नवखा माणूस त्यांना ‘अतिमंद वस्तू’ समजतो. सॉफ्टवेअर वर्णपट ठरीव साच्यांशी जुळवून ताम्रसृती काढते; ४ म्हणजे सर्वोत्तम जुळणी आणि दुसऱ्या क्रमांकाची जुळणी इतकी जवळजवळ की पहिलीवर विश्वास ठेवायला सबळ कारण नाही. ही सर्वांत गंभीर खूण. १२८ म्हणजे फायबर भोकात बसलेलाच नव्हता. ५१२ म्हणजे डेटाच नाही.

आणि १६? पाच टक्क्यांहून जास्त बिंदू साच्यापासून फार लांब पडले, एवढाच त्याचा अर्थ. हा इशारा बऱ्याचदा अतिशय स्वच्छ, तेजस्वी वर्णपटांना मिळतो. गोंगाट इतका कमी असतो की ठरीव साच्यातला बारीकसा फरकही मोठा दिसतो. ताम्रसृती अनेकदा बरोबरच असते. ‘झेडवॉर्निंग शून्य नाही ते सगळे फेका’ हा नियम लावलात तर उत्तम क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे) आणि चमकदार तारे कचऱ्यात जातील. म्हणून १६ एकटा असेल तर वर्णपट उघडून बघा. ४ सोबत आला तर सोडून द्या.

दीर्घिका अभ्यासणाऱ्यांसाठी एक खास सूचना. बॉसमध्ये क्वेसारचे साचे इतके लवचिक होते की ते साध्या, मंद दीर्घिकांवरही कसेबसे बसत आणि गोंधळ होई. म्हणून क्वेसारचे साचे वगळून काढलेली ताम्रसृती वेगळ्या रकान्यात दिलेली आहे, नावाला ‘नोक्यूएसओ’ अशी शेपटी लावून. दीर्घिकांसाठी तोच रकाना वापरा, आणि झेडवॉर्निंगही त्याच शेपटीचा.

३. प्लेट चांगली होती का, आणि ओळ दुसऱ्यांदा आली आहे का

प्रत्येक प्लेटला दर्जा दिलेला असतो: गुड, मार्जिनल, बॅड. गुड ठेवा. काही वस्तूंचे वर्णपट दोनदा-तीनदा घेतलेले असतात. मोजणी करायची असेल तर ‘स्पेकप्रायमरी’ १ असलेलीच ओळ घ्या. पण बाकीच्या ओळी पुसू नका. त्याच वस्तूचा दुसरा वर्णपट हा आयता साक्षीदार आहे.

४. वर्णपट उघडा आणि संशयाच्या जागा बोट ठेवून पाहा

सगळा वेळ इथे घालवा. मी आता आलेख पडद्यावर लावतो आणि ठरलेल्या जागा क्रमाने बघतो.

पहिली जागा ५५७९, जिथे मी फसलो. हवेतली तरंगलांबी ५५७७, निर्वातातली ५५७९. या फरकाकडे पुढे येतोच. इथली एकटी, टोकदार रेषा मी मोजतच नाही.

दुसरी, ६००० च्या आसपास. दुर्बिणीतून आलेला प्रकाश इथे निळ्या आणि तांबड्या अशा दोन कॅमेऱ्यांत विभागला जातो. जोड नीट बसला नसेल तर आलेखात पायरी किंवा लहानसा उंचवटा दिसतो. क्वेसारची रुंद रेषा म्हणून तो सहज खपून जातो.

तिसरी, ७२०० च्या पुढचा सगळा तांबडा भाग. वातावरणातल्या हायड्रॉक्सिल रेणूंच्या रेषा इथे कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने उभ्या असतात आणि वजाबाकीनंतर त्यांचे दाते-खाचे मागे उरतात.

मग मुखवटा, म्हणजे मास्क: पिक्सेलमधल्या बिघाडांच्या खुणा. प्रत्येक पिक्सेलबरोबर दोन मास्क असतात. वर्णपट सहसा पंधरा-पंधरा मिनिटांची किमान तीन उद्भासने (एक्स्पोजर) एकत्र करून बनतो. ‘अँड’ मास्क सांगतो की हा पिक्सेल प्रत्येक उद्भासनात बिघडलेला होता, ‘ऑर’ मास्क सांगतो की निदान एकात होता. तुमची आवडती रेषा फक्त एकाच उद्भासनात दिसत असेल तर तो बहुधा वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळलेला कण. एकाच पिक्सेलची सुईसारखी उभी रेषा असेल तर नक्कीच, कारण उपकरण कोणतीही खरी रेषा दोन-तीन पिक्सेलांवर पसरवतेच. मास्कमध्ये ‘ब्राइटस्काय’ असेल तर आकाश तिथे फार उजळ होते. ‘रेडमॉन्स्टर’ नावाचीही एक खूण आहे: आकाशाची वजाबाकी एका सलग पट्ट्यात फसली की ती लागते. नाव ठेवणाऱ्याने रात्री किती जागवल्या असतील ते त्या नावातच कळते.

शेवटी ‘आयव्हार’, म्हणजे त्या पिक्सेलचे मापन किती भरवशाचे ते सांगणारा आकडा. हा आकडा शून्य म्हणजे पिक्सेल निकामी. आलेखात मात्र तिथेही रेघ काढलेली असते, आणि ती रेघ साळसूद दिसते. आलेख काढण्यापूर्वीच आयव्हार शून्य असलेले बिंदू गाळा.

५. शेजाऱ्याकडे डोकावा

हजार फायबरांचा प्रकाश एकाखाली एक असा कॅमेऱ्यावर पडतो. शेजारच्या फायबरवर ठळक तारा असेल तर त्याचा उजेड तुमच्या मंद दीर्घिकेच्या ओळीत सांडतो. आपला फायबर ३१२ असेल तर ३११ आणि ३१३ चे वर्णपटही उघडा. तीच रेषा, तीच खाच तिथे मोठी दिसली तर ती त्यांची. ५०० आणि ५०१ मात्र शेजारी नाहीत. बॉसमध्ये पहिले ५०० फायबर एका वर्णपटमापकात जात, उरलेले दुसऱ्यात.

वस्तूचे छायाचित्रही बघाच. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेतल्या २.५ मीटर दुर्बिणीवर अॅल्युमिनिअमच्या प्लेटा लावत. प्रत्येक प्लेटला वॉशिंग्टन विद्यापीठात भोके पाडलेली असत, आणि माणसे दिवसा हाताने एकेक फायबर भोकात खोचत. कोणता फायबर कोणत्या भोकात गेला हे नंतर प्रकाश टाकून वाचले जाई. वाचनात चूक झाली तर वर्णपट एकाचा आणि नाव दुसऱ्याचे. छायाचित्रात लालसर दीर्घिका आणि वर्णपट निळ्या ताऱ्याचा, असे दिसले की थांबा. जवळच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकांतही गंमत होते. फायबर फक्त मधला ठिपका पाहतो किंवा बाहूवरचा एखादा तेजोमेघ, आणि यादीत त्या तेजोमेघाचीच ‘दीर्घिका’ म्हणून नोंद होते.

६. तरंगलांबी निर्वातातली आहे, हे विसरू नका

एसडीएसएसच्या तरंगलांब्या निर्वातातल्या असतात. आपल्या पुस्तकांत हायड्रोजन-आल्फाची रेषा ६५६२.८ अशी छापलेली असते, ती हवेतली. निर्वातात ती ६५६४.६. फरक १.८ अँगस्ट्रॉमचा, पण वेगात धरला तर ऐंशीहून जास्त किलोमीटर दर सेकंदाला. एक पिक्सेलच ६९ किमी/सेकंदाचा असतो, म्हणजे ही चूक एका पिक्सेलहून मोठी. तुमचे सगळे तारे सारख्याच वेगाने दूर पळताना दिसले तर आधी हे तपासा.

७. क्वेसारांचा निळा रंग जसाच्या तसा घेऊ नका

बॉसमधला हा दोष मला सर्वांत शिकवणारा वाटतो, कारण तो चांगल्या हेतूतून आला. वातावरणातून येताना निळा आणि तांबडा प्रकाश किंचित वेगळ्या जागी पडतो. एकाच फायबरमध्ये दोन्ही पूर्ण पकडता येत नाहीत. क्वेसारांच्या निळ्या भागात खगोलज्ञांना जास्त रस होता, म्हणून त्यांचे फायबर ४००० अँगस्ट्रॉमच्या प्रकाशासाठी सरकवून बसवले, त्यांच्यामागे पातळ वॉशरही लावले. तीव्रता ज्या प्रमाण-ताऱ्यांवरून मोजायची त्यांचे फायबर मात्र ५४०० साठीच राहिले. प्रमाण-ताऱ्यांचा निळा प्रकाश थोडा बाहेर सांडला, क्वेसारांचा नाही, आणि मापाची दुरुस्ती दोघांना सारखीच लागली. त्यामुळे हे क्वेसार आहेत त्यापेक्षा निळे दिसले.

२०१६ मध्ये या दोषावर गणिती दुरुस्ती प्रसिद्ध झाली. रेषांच्या जागा त्याने बदलत नाहीत, त्यामुळे ताम्रसृतीसाठी डेटा खुशाल वापरा. पण क्वेसाराच्या वर्णपटाचा उतार मोजून त्याभोवतीच्या धुळीबद्दल काही म्हणायचे असेल, तर तुमच्या प्रकाशनात ही दुरुस्ती झालेली आहे की ती तुम्हाला करायची आहे हे तपासल्याशिवाय एक वाक्यही लिहू नका.

८. जे नाही त्याचीही नोंद घ्या

प्लेटवर दोन भोके हवी तितकी जवळ पाडता येत नसत. बॉसमध्ये एकाच प्लेटवर ६२ विकलांच्या आत दोन फायबर बसत नसत, जुन्या उपकरणात ५५. म्हणून दाटीवाटीच्या दीर्घिकासमूहांत काही सदस्यांचे वर्णपटच नसतात. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या खगोलज्ञांनी याच सर्वेक्षणातून ‘सरस्वती’ हा महासमूह शोधला, सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवरचा. अशा कामात कोणती दीर्घिका खरोखर कोणाशेजारी आहे हे ताम्रसृतीच ठरवते. समूहातले सदस्य मोजताना न मोजलेले किती असू शकतात याचा अंदाज धरावा लागतो.

प्रत्येक वर्णपटाला प्लेट, तारीख आणि फायबर असे तीन आकडे असतात. ते त्रिकूट वहीत लिहा आणि शेजारी ‘का ठेवला’ किंवा ‘का टाकला’ ते एका ओळीत.

माझ्या वहीत त्या चौदांपैकी तेरांसमोर ‘आकाश’ असे लिहिलेले आहे. चौदाव्या वर्णपटात मात्र ७४२२ आणि ७४९४ ला आणखी दोन रेषा निघाल्या, दुसरी पहिलीच्या तिप्पट उंच, म्हणजे ऑक्सिजनची ओळखीची जोडी. आणि ७२७६ ला हायड्रोजन-बीटा. ती दीर्घिका खरोखरच ०.४९६ वर आहे. तिची ३७२८ ची रेषा नेमकी आकाशाच्या रेषेखाली दबलेली आहे, म्हणून त्या रेषेची तीव्रता मी रिकामी सोडली आहे.