संधी हुकते ती शेवटच्या तारखेच्या आधीच: पीजी-पीएचडीवाल्यांनो, या चुका टाळा

विभागाच्या नोटीस बोर्डावर सेलोटेपने चिकटवलेली जाहिरात दिसली की आपण तिचा मोबाईलवर फोटो काढतो आणि काम झालं असं समजतो. तो फोटो गॅलरीत कुणाच्या तरी हळदीच्या फोटोंखाली गाडला जातो आणि तारीख उलटल्यावर सापडतो. पुणे विद्यापीठात एम.एस्सी. आणि मग पीएचडी करताना मी अशा किमान चार जाहिराती गाडल्या आहेत. जाहिरातीत छापलेली तारीख फॉर्म भरण्याची असते. दाखला, सही, शिक्का, शिफारसपत्र यांच्या तारखा त्यात कुणी छापत नाही, आणि घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

एकाच माणसाची तीन नावं

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. आपल्याला हे सगळं एकच वाटतं, पण ऑनलाइन फॉर्मला नाही. नेटच्या (प्राध्यापकपदाची आणि संशोधनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) फॉर्ममध्ये नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लागतं. घाईत आधार बघून टाइप केलंत की पुढे कागदपत्रं तपासताना खुलासे करत बसायचं. दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि त्यातलं स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवून घ्या.

लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींचे हाल जास्त. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला तर हवाच, पण शक्य असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. एकदा केलं की पुढची कटकट मिटते, मात्र त्याला वेळ लागतो. फॉर्म निघाल्यावर धावपळ करून ते होत नाही.

दाखला आहे, पण चालत नाही

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथे. महाडीबीटीला, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलला, चाललेलं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या परीक्षेलाही चालेल असं धरून चालतात. केंद्राचा नमुना वेगळा असतो आणि दाखला बहुधा चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतर काढलेला मागतात. आपल्याकडे एनटी (भटक्या जमाती) किंवा एसबीसीत (विशेष मागास प्रवर्ग) असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, पण सगळ्या नाहीत. यादी उघडून बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा प्रवर्ग तर फक्त राज्याचा आहे, केंद्राच्या फॉर्ममध्ये त्याचा रकानाच सापडणार नाही.

उपाय साधा आहे. एप्रिल-मेमध्ये गावी गेलात की सेतू केंद्रात जाऊन त्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र एकदमच टाका. ऐन फॉर्मच्या दिवसांत तहसील कचेरीत गर्दी असते आणि साहेब दौऱ्यावर असतात.

"सर, उद्यापर्यंत रेको द्याल का?"

रेको म्हणजे शिफारसपत्र. हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे, तेही संध्याकाळी पाच वाजता, सर बॅग भरून निघालेले असताना. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कशासाठी ते तरी सांगशील?" मला त्या योजनेचं पूर्ण नावही धड सांगता आलं नाही. पत्र मिळालं, पण ते कुणालाही चाललं असतं असं चार ओळींचं होतं. चूक सरांची नव्हती.

किमान तीन आठवडे आधी मागा. सोबत एकाच मेलमध्ये जाहिरातीची लिंक, शेवटची तारीख, तुमचा सीव्ही, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि त्यांच्याकडे तुम्ही केलेल्या कामाच्या पाच ओळी द्या. परदेशी फॉर्ममध्ये पत्र अपलोड करायची लिंक थेट शिक्षकांच्या मेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. म्हणून फॉर्ममध्ये त्यांचा पत्ता भरलात की त्याच दिवशी जाऊन सांगा, "मॅडम, स्पॅममध्येही बघाल का?" आता "तूच ड्राफ्ट करून आण" या प्रथेबद्दल. मला ती पटत नाही. आपणच आपल्याबद्दल लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं. तसं सांगितलंच, तर मसुद्याऐवजी मुद्दे लिहून द्या.

अर्ज संस्थेमार्फत जायचा असेल तर आणखी एक आठवडा धरा. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, मग शिक्का, मग जावक क्रमांक. यातला एक माणूस रजेवर असतोच.

"तारीख वाढेलच"

वाढते, हे खरं आहे. पण ज्या वर्षी आपण विसंबून राहतो त्या वर्षी ती वाढत नाही, असा माझा अनुभव. शेवटच्या रात्री फी भरताना पैसे कापले जातात आणि कन्फर्मेशन पेज येत नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. लॉगिनमध्ये पेमेंटची स्थिती बघा, व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या आणि हेल्पलाइनला मेल करा. हे सगळं करायला दोन दिवस हाताशी हवेत. फॉर्म भरल्यावर चूक लक्षात आली तर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडते, पण त्यातही सगळे रकाने बदलता येत नाहीत.

उलटं कॅलेंडर

विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप मे-जूनमध्ये असते, पण अर्ज आदल्या नोव्हेंबरच्या आसपास होतात. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांची गाडी तेव्हा कधीच सुटलेली असते. अमेरिकेत संशोधनासाठी जायच्या फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपचे अर्ज साधारण जुलैपर्यंत असतात आणि जाणं पुढच्या वर्षी. तिकडच्या प्राध्यापकांशी पत्रव्यवहार त्याच्याही आधी हवा. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळालं म्हणजे दरमहा 37,000 रुपये सुरू झाले असंही नाही. पीएचडीला प्रवेश घ्यावा लागतो, आणि जेआरएफच्या पत्रालाही मुदत असते. नुसतं पीएचडीपुरतं पात्र ठरलात तर नेटचे ते गुण एकच वर्ष चालतात.

महाराष्ट्र-गोव्याची सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, बरेच जण कमी लेखतात. तिला वयाची अट नाही. जेआरएफ मात्र तिच्यातून मिळत नाही.

परिषदा आणि आविष्कार

फी भरा, चोवीस तासांत पेपर स्वीकारला, असा एखाद्या परिषदेचा मेल आला की समजा दुकान आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती केंद्राच्या पातळीवर काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम विचारा, पण पॅनिक होऊन पैसे ओतू नका.

आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतल्या पोस्टरवर अख्खा प्रबंध चिकटवू नका. परीक्षक उभ्याउभ्या वाचतात.

आपल्या विभागाचं नाही, मग कशाला जायचं?

आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र), एनसीसीएस (पेशीविज्ञान) या संशोधन संस्था पुणे विद्यापीठाच्याच आवारात आहेत आणि आपण अनिकेत कँटीनपुढे जात नाही. बाहेरून आलेल्या वक्त्याचं व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलापाशी पाच मिनिटं मिळतात. एक प्रश्न वहीत लिहून न्या. फेलोशिपची तारीख हुकली असेल तर हाच दुसरा रस्ता आहे. ज्यांचं काम आवडतं त्यांना आधी भेटा, मग दहा ओळींचा मेल करा. त्यांच्या एका पेपरमध्ये आपल्याला काय अडलं ते लिहा आणि उन्हाळ्यात प्रयोगशाळेत आठ आठवडे काम करता येईल का, असं सरळ विचारा. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी पुन्हा एकदा लिहा. दुसऱ्या मेलला उत्तर आलेली माणसं मला माहीत आहेत, त्यातला एक मी.